ठिकाणाचा रकाना

सिमसांगचं पाणी डाव्या हाताला ठेवून
आम्ही पहाटे निघालो.
तेंगची मारक पुढे, पाठीवर टोपली, हातात कोयता,
केळीच्या पानात भात आणि नाखामची चटणी,
पायात रबरी चपला, ज्यांना जळवा भीत नाहीत.
मागे मी, वन खात्याची वही घेऊन.
वहीत आठ रकाने.

"हळू बोल," ती म्हणाली,
"आमचे मेलेले इथूनच जातात बालपाक्रमला."
वाटेत शिदोरी ठेवायला त्यांना काही लागतंच.
म्हणून मेमांग-कोक्सी, भुतांची टोपली.
माझ्या आईच्या भाषेत घटपर्णी.
खात्याच्या यादीत एक लॅटिन नाव
आणि पुढे लाल शाईत 'संकटग्रस्त',
खाटेला तापाचा कागद टांगावा तसं.

पहिल्या उतारावर काजूची लागवड.
दुसऱ्यावर कोळशाचं बीळ, तोंडाशी बांबूची शिडी.
तिसऱ्यावर ती थांबली
आणि कोयत्याच्या टोकानं मोजू लागली :
सा, ग्नी, गित्ताम, ब्री...
मला वाटलं, रोपं.

खड्डे होते.
कडा सरळ, तळ स्वच्छ.
मुळाला धक्का न लावता, मातीसकट उचललेलं,
शिकलेल्या हाताचं काम.
चोरानं इतकी माया लावलेली
मी पहिल्यांदाच पाहिली.
अकरा. त्यातल्या एकात पाणी साचलेलं,
पाण्यात डासांच्या अळ्या,
घड्यात असतात तशाच, बिनघोर.
घडा गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

जेवताना ती आपणहून बोलली.
"बारा वर्षं झाली. एक माणूस आला होता.
मऊ आवाज, गुडघ्यापर्यंत बूट.
झाडापुढे बसून त्याला गोंजारायचा.
एका रोपाचे साठ रुपये.
सिलग्राला बाघमाराच्या शाळेत घालायचं होतं,
बहीण गेलेली, मीच त्याची आई.
एकवीस काढून दिली.
कशी काढायची ते त्यानं मला शिकवलं,
मी सिलग्राला."

"सिलग्रा आता काय करतो?"
तिनं दातातला काटा काढला,
निरखला,
पानाच्या कडेला ठेवला.

मग म्हणाली, "आई डोळ्यात घालायची याचं पाणी.
न उघडलेल्या घड्यातलं, दोनच थेंब.
रोप तिथल्या तिथे."

तीन वाजता सापडलं.
काटेरी झुडपाआड, कातळाच्या भेगेत,
हिरवट, कडेला तांबूस, माझ्या मनगटाएवढे नऊ घडे.
मी गुडघ्यांवर आले.
लोकांना वाटतं, वरचं झाकण मिटतं.
मिटत नाही. ते नुसतं पाऊस अडवतं.
एक मुंगी गोड काठावरून फिरत होती,
तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवतही नव्हतं.

फुलांचा तुरा पाहून मी म्हणाले, "नर आहे.
मादीचं झाड वेगळं असतं. जवळपास हवं."
तेंगची बराच वेळ दरीकडे बघत राहिली.
"त्या एकवीसांत असेल," म्हणाली.

उंची लिहिली. घडे लिहिले. माती, सावली, शेजार.
लिंग लिहिलं. धोका लिहिला.
ठिकाणाच्या रकान्याशी पेन अडलं.
ही वही बाघमाऱ्यात जाते, तिथून तुऱ्याला, शिलाँगला,
मग कुणाच्या टेबलावर उघडी पडते कोण जाणे.
तेंगचीनं माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि शाळकरी अक्षरात एकच शब्द लिहिला.
मेमांग.

खाली पुलापाशी मोटारसायकल उभी होती.
सिलग्रा. हसरा, देखणा पोरगा,
गुडघ्यापर्यंत नवे बूट.
"सापडलं काही?"
तेंगची त्याच्या बुटांवरची माती बघत होती.
"खड्डे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली,
आणि मावशीच्या पाठीवरची टोपली
दोन्ही हातांनी अलगद उतरवली,
मुळाला धक्का न लावता
उचलावी तशी.